मानेतल्या धमनीची शस्त्रक्रिया : लकवा कुणाचा टळतो, कुणाचा नाही

यंदा जयंतीच्या तयारीच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने प्रस्ताव मांडला. डीजेवरचा खर्च कमी करायचा आणि त्या पैशात विहारात आरोग्य शिबिर घ्यायचे. प्रस्ताव सगळ्यांनाच आवडला. त्यातच एका खासगी तपासणी केंद्राने निरोप पाठवला की, आम्ही शंभर जणांच्या मानेतल्या धमनीची सोनोग्राफी, म्हणजे कॅरोटिड डॉप्लर, फुकट करून देतो. लकवा येण्याआधीच धोका कळेल. पत्रकावर छापायला वाक्यही तयार होते.

आम्ही आधी होकार दिला. मग बैठकीतच एका आजींनी विचारले, "बाळा, नस बंद आहे असं निघालं तर पुढं काय करायचं?" उत्तर कुणाकडेच नव्हते. ऑपरेशन करायचे? लगेच? कुठे? खर्च किती? आणि केल्यावर लकवा येणारच नाही का?

त्याच महिन्यात आमच्या वस्तीत दुसरी घटना घडली. एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक सकाळी चहा पीत होते. उजव्या हातातला कप निसटला, जीभ जड झाली, शब्द नीट फुटेनात. दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. घरच्यांनी "अशक्तपणा आलाय" म्हणून जवळच्या दवाखान्यात नेले, सलाइन लावले, घरी आणले. अकराव्या दिवशी पहाटे त्यांची उजवी बाजू गेली, ती अजून परतलेली नाही. नंतरच्या तपासणीत मानेतली डावी धमनी खूपच अरुंद झालेली दिसली. डावी धमनी मेंदूच्या डाव्या भागाला रक्त देते आणि तो भाग शरीराची उजवी बाजू चालवतो.

या दोन गोष्टी आम्ही एकमेकींशेजारी ठेवल्या आणि अभ्यासाला बसलो. एकीकडे कोणताही त्रास नसलेल्या शंभर जणांची धमनी तपासायला आम्ही निघालो होतो. दुसरीकडे ज्यांची धमनी त्याच दिवशी तपासायला हवी होती, त्यांना आम्ही सलाइन लावून घरी आणू दिले. हा लेख त्या अभ्यासातून झाला आहे. आम्ही डॉक्टर नाही. पण या शस्त्रक्रियेवर जगात गेली चाळीस वर्षे जे संशोधन झाले, त्याचे आकडे समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही. आकडे वाचायची तयारी मात्र हवी.

शस्त्रक्रिया नेमकी कसली?

मानेच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवली की नाडी लागते. ती कॅरोटिड धमनी. मेंदूच्या पुढच्या मोठ्या भागाला रक्त तिच्यातूनच जाते. जबड्याखाली तिला दोन फाटे फुटतात आणि नेमक्या त्या फाट्यावर वर्षानुवर्षे चरबी, चुना आणि पेशींचा थर साचत जातो. बिडी-सिगारेट, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल ही त्याची मुख्य कारणे. धमनी अरुंद होते. पण लकवा बहुतेक वेळा निव्वळ अरुंदपणामुळे येत नाही. त्या थराचा तुकडा सुटतो किंवा त्यावर रक्ताची गुठळी जमते, ती वाहत मेंदूत जाते आणि तिथली बारीक वाहिनी बंद करते.

शस्त्रक्रियेत मान उघडून धमनी काही वेळ चिमट्याने बंद करतात, तिला उभा छेद देतात, आतला थर सोलून काढतात आणि धमनी पुन्हा शिवतात. बऱ्याचदा शिवताना ठिगळ लावतात, म्हणजे जागा अरुंद होत नाही. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९५४ मध्ये झालेल्या शस्त्रक्रियेने जगाचे लक्ष या उपचाराकडे वेधले. दुसरा मार्ग म्हणजे जांघेतून तार नेऊन धमनीत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवणे.

कल्पना साधी आहे. नळ तुंबला, साफ केला. पण वैद्यकशास्त्रात पटण्यासारखी प्रत्येक गोष्ट खरी ठरत नाही.

पटते म्हणून खरे मानायचे का?

कालाम सुत्तात बुद्धांनी जी कसोटी दिली ती आपल्याला ठाऊक आहे. परंपरा आहे म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून, तर्काला बरे वाटते म्हणून स्वीकारू नका, हिताचे आहे का ते तपासा. विसाव्या शतकातल्या वैद्यकशास्त्राने हीच कसोटी स्वतःला लावायला बराच वेळ घेतला.

१९८५ च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला एक लाखाहून अधिक लोकांच्या मानेची ही शस्त्रक्रिया होत होती. तिचा उपयोग होतो याचा भक्कम पुरावा तेव्हा कुणाकडेच नव्हता. त्याच वर्षी दुसऱ्या एका शस्त्रक्रियेच्या अभ्यासाचा निकाल आला. कवटीबाहेरची धमनी कवटीआतल्या धमनीला जोडून मेंदूला जास्त रक्त पोहोचवायचे, अशी ती शस्त्रक्रिया होती. कल्पना आणखी आकर्षक होती. पण १,३७७ रुग्णांवरच्या अभ्यासात तिने लकवा टळत नाही असे दिसले. तो अभ्यास चालवणारे कॅनडाचे मेंदूविकारतज्ज्ञ हेन्री बार्नेट यांनी मग मानेतल्या धमनीच्या शस्त्रक्रियेकडे मोर्चा वळवला.

पद्धत अशी. सारख्याच प्रकारच्या रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट करायचे. एका गटाला औषधे आणि शस्त्रक्रिया, दुसऱ्याला फक्त औषधे. मग वर्षानुवर्षे दोन्हीकडे किती जणांना लकवा आला ते मोजायचे. चिठ्ठी एवढ्यासाठी की डॉक्टरांनी धडधाकट रुग्ण एका बाजूला आणि थकलेले दुसऱ्या बाजूला घातले असे होऊ नये.

ज्यांना इशारा मिळाला आहे, त्यांच्यासाठी

पहिला मोठा निकाल १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतून आला. या अभ्यासातल्या सगळ्या रुग्णांना आधी इशारा मिळालेला होता. कुणाचा हात काही मिनिटे लुळा पडला होता, कुणाची वाचा गेली होती, कुणाच्या एका डोळ्यासमोर पडदा उतरून पुन्हा वर गेला होता, तर कुणाला सौम्य लकवा येऊन गेला होता. काही वेळात आपोआप बरा होणाऱ्या या प्रकाराला सोयीसाठी 'छोटा झटका' म्हणू.

ज्यांची धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद होती, त्यांच्यापैकी फक्त औषधांवर असलेल्या १०० जणांमध्ये दोन वर्षांत २६ जणांना त्याच बाजूच्या धमनीमुळे लकवा आला. शस्त्रक्रिया झालेल्या १०० जणांमध्ये ९ जणांना. म्हणजे शंभरांत १७ जण वाचले, किंवा साधारण सहा शस्त्रक्रियांमागे एक लकवा टळला. वैद्यकशास्त्रात एवढा स्पष्ट फायदा क्वचित दिसतो. पुढे आठ वर्षांपर्यंतच्या पाहणीतही तो टिकून होता.

युरोपातल्या ३,०२४ रुग्णांच्या अभ्यासाने १९९८ मध्ये हेच सांगितले. तिथे अरुंदपणा मोजायची पद्धत वेगळी होती. त्या मोजणीने ८० टक्क्यांच्या वर अडथळा असलेल्यांमध्ये, तीन वर्षांत मोठा लकवा किंवा मृत्यू येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेविना २६.५ टक्के होते आणि शस्त्रक्रियेने १४.९ टक्के.

आता याच निकालांची दुसरी बाजू पाहू. धमनी ५० ते ६९ टक्के अरुंद असेल तर फायदा बराच कमी झाला. पाच वर्षांत २२ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण पंधरा शस्त्रक्रियांमागे एक लकवा टळला. ५० टक्क्यांहून कमी अडथळ्यात शस्त्रक्रियेचा ठोस फायदा दिसला नाही. आणि धमनी पूर्ण, शंभर टक्के बंद झालेली असेल तर ही शस्त्रक्रिया करत नाहीत. तिथून गुठळी वाहून जायचा मार्गच बंद झालेला असतो.

तेव्हा "नस ब्लॉक आहे" एवढ्या वाक्याला काहीच अर्थ नाही. किती टक्के, आणि इशारा मिळाला आहे की नाही, हे दोन प्रश्न त्याला जोडलेच पाहिजेत.

सगळ्यात मोठे औषध : वेळ

या दोन्ही अभ्यासांतली माहिती एकत्र करून ऑक्सफर्डचे पीटर रॉथवेल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. आमच्या मते आपल्या वस्त्यांसाठी या सगळ्या संशोधनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. शेवटच्या झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ज्यांची शस्त्रक्रियेसाठी निवड झाली, त्यांच्यात पाच शस्त्रक्रियांमागे एक लकवा टळला. ज्यांनी बारा आठवड्यांहून अधिक काळ घालवला, त्यांच्यात एक लकवा टाळायला १२५ शस्त्रक्रिया लागल्या.

रोग तोच आणि शस्त्रक्रियाही तीच. फरक फक्त उशिराचा, आणि त्याने पाचाचे सव्वाशे झाले.

कारण धोका सुरुवातीच्या दिवसांत एकवटलेला असतो. छोट्या झटक्यानंतर नीट उपचार न मिळालेल्या शंभर जणांपैकी साधारण दहा जणांना तीन महिन्यांत लकवा येतो, असे जुन्या पाहण्यांत दिसले. त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांतच. ऑक्सफर्डमध्येच २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांना त्याच दिवशी तपासून लगेच औषधे सुरू केली, तेव्हा तीन महिन्यांतल्या लकव्याचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आले. त्यात शस्त्रक्रियेचा वाटा थोड्यांपुरताच होता. मुख्य काम गोळ्यांनी केले : रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाबाची गोळी.

आमच्या वाहक काकांकडे अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत त्यांना कुणी वाचवलेच असते असा दावा आम्ही करत नाही. पण त्यांना संधीच मिळाली नाही आणि ती आपल्या सगळ्यांच्या अज्ञानामुळे गेली. झटका गेला, माणूस बरा झाला, म्हणजे संकट टळले असे आपण समजतो. तो झटका म्हणजे दारावरची थाप असते.

ज्यांना काहीच त्रास नाही, त्यांच्यासाठी

आता शिबिराच्या प्रश्नाकडे येऊ. कुठलाही इशारा मिळालेला नाही, पण सोनोग्राफीत धमनी अरुंद निघाली, अशा माणसांचे काय?

अमेरिकेतल्या १,६६२ जणांच्या अभ्यासाचा निकाल १९९५ मध्ये आला. धमनी ६० टक्क्यांहून अधिक अरुंद, त्रास काही नाही. पाच वर्षांत लकव्याचा अंदाजित धोका औषधांवर ११ टक्के, शस्त्रक्रियेने ५.१ टक्के. जाहिरातीत हे "धोका निम्म्याहून कमी" असे छापता येते आणि ते खोटे ठरणार नाही. पण शंभर माणसे डोळ्यांसमोर आणा. शंभर जणांच्या माना उघडल्या. त्यातल्या ८९ जणांना शस्त्रक्रिया नसती केली तरी पाच वर्षांत लकवा येणारच नव्हता. पाच जणांना शस्त्रक्रिया करूनही आला. फायदा झाला तो उरलेल्या सहा जणांना. ते सहा कोण, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

टक्केवारी कुणाच्या तुलनेत सांगितली जाते हे विचारायची सवय आपल्याला चळवळीने लावली आहे. आरक्षणाच्या, शिष्यवृत्तीच्या आकड्यांना आपण तो प्रश्न विचारतो. तोच प्रश्न दवाखान्यातही विचारला पाहिजे.

सर्वांत लांब पल्ल्याची माहिती ३० देशांतल्या ३,१२० रुग्णांच्या अभ्यासातून मिळाली. तो १९९३ मध्ये सुरू झाला आणि दहा वर्षांचे निकाल २०१० मध्ये आले. लगेच शस्त्रक्रिया केलेल्या गटात दहा वर्षांत १३.४ टक्के लोकांना लकवा आला किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी मृत्यू झाला. थांबलेल्या गटात १७.९ टक्के. दहा वर्षांनंतर फरक उरला तो शंभरांत साधारण साडेचार जणांचा. फायदा खरा आहे आणि टिकणारा आहे, पण लहान आहे.

शिवाय तो उधारीवर मिळत नाही, किंमत आधी मोजावी लागते. त्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ३० दिवसांत शंभरांत साधारण तीन जणांना शस्त्रक्रियेमुळेच लकवा आला किंवा मृत्यू आला. म्हणजे सुरुवातीला शस्त्रक्रियेचा गट तोट्यात असतो. तो तोटा भरून निघायलाच साधारण दोन वर्षे लागली. म्हणून पुढची किमान पाच वर्षे बऱ्या तब्येतीने जगण्याची शक्यता असलेल्यालाच ही शस्त्रक्रिया सुचवावी, असे तज्ज्ञ सांगतात. त्या अभ्यासात ७५ वर्षांच्या पुढच्या, त्रास नसलेल्या लोकांत फायदा सिद्ध झाला नाही.

औषधे सुधारली, गणित बदलले

१९९० च्या दशकातल्या रुग्णांना आजच्यासारखी औषधे मिळत नव्हती. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या तेव्हा थोडेच लोक घेत. आज त्या सर्रास मिळतात, रक्तदाबाची औषधेही चांगली आहेत. त्यामुळे फक्त औषधांवर राहणाऱ्यांचा धोकाच खाली आला आहे.

जर्मन भाषक देशांतल्या ५१३ जणांच्या अभ्यासात पाच वर्षांत लकव्याचे किंवा उपचाराच्या वेळी मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रियेने २.५ टक्के होते आणि चांगल्या औषधांनी ३.१ टक्के. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने तो अभ्यास लवकर थांबवावा लागला, म्हणून त्यावरून शेवटचा शब्द सांगता येत नाही.

२०२५ च्या अखेरीस अमेरिकेतून मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. चार वर्षांत औषधे आणि शस्त्रक्रिया मिळून ३.७ टक्के, तर केवळ औषधांवर ५.३ टक्के, हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान होता. त्याच प्रकल्पातल्या स्टेंटच्या भागात मात्र २.८ विरुद्ध ६ टक्के असा ठळक फरक दिसला. पण नीट औषधे घेणाऱ्या, त्रास नसलेल्या १०० पैकी ९४ जणांना चार वर्षांत लकवा आला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. या अभ्यासात रुग्णांचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांवर सतत लक्ष होते आणि स्टेंट बसवणारे डॉक्टर पारखून घेतलेले होते. दोन्ही गोष्टी आपल्याला गृहीत धरता येत नाहीत.

स्टेंट बरा की शस्त्रक्रिया, याचेही दूरचे उत्तर मिळाले आहे. २,५०२ रुग्णांच्या अमेरिकी-कॅनडियन अभ्यासात दहा वर्षांनंतर दोन्ही उपचार जवळपास सारखेच टिकाऊ ठरले. फरक आहे तो सुरुवातीच्या महिन्यातला. स्टेंटमध्ये लकव्याचा धोका थोडा जास्त, शस्त्रक्रियेत हृदयविकाराच्या झटक्याचा. साधारण सत्तरीच्या पुढे शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित ठरते.

शस्त्रक्रियेनंतर आयुष्य कसे असते?

बहुतेक रुग्ण काही दिवसांत घरी जातात. शंभरांत साधारण पाच जणांच्या मानेतल्या नसेला धक्का बसून आवाज घोगरा होणे, जीभ एका बाजूला वळणे असे त्रास होतात. त्यातले बहुतेक काही महिन्यांत बरे होतात. काहींची धमनी पुन्हा अरुंद होते, म्हणून वेळोवेळी सोनोग्राफी करतात.

एक गैरसमज मात्र मोडला पाहिजे. "ऑपरेशन झालं, आता गोळ्या कशाला?" हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकले आहे. धमनीतला थर हा साऱ्या शरीराचा आजार आहे. मानेतला एक तुकडा साफ झाला, पण हृदयाच्या, पायांच्या, दुसऱ्या बाजूच्या धमन्यांत तो तसाच असतो. या रुग्णांचा पुढच्या काळातला मोठा शत्रू हृदयविकार असतो. म्हणून गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात आणि बिडी कायमची सुटावी लागते.

आणखी एक मुद्दा बायांचा. रॉथवेल यांच्या त्याच एकत्रित अभ्यासात पुरुषांत नऊ शस्त्रक्रियांमागे एक लकवा टळला, तर बायांमध्ये एक टाळायला ३६ लागल्या. बायांना शस्त्रक्रियेतला धोका जास्त आणि उशिराने फायदा लवकर ओसरतो. आपल्याकडे बाई आजारी पडली तर आधी घरचे काम, मग दवाखाना. या आजारात तो उशीर पुरुषापेक्षाही महाग पडतो.

आपल्या वस्तीसाठी याचा अर्थ

हे सगळे अभ्यास बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या माणसांवर झाले आहेत. आपल्याकडे, भारतात आणि एकूण आशियात, कवटीच्या आतल्या बारीक धमन्या अरुंद होऊन येणाऱ्या लकव्याचे प्रमाण तिकडच्यापेक्षा जास्त आहे. त्या धमन्यांना मानेतल्या शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. रक्तदाबाने वाहिनी फुटून येणाऱ्या लकव्यालाही नाही. म्हणजे आपल्या समाजात लकवा रोखायचा तर ही शस्त्रक्रिया थोड्यांच्या उपयोगाची आहे. रक्तदाबावरचे नियंत्रण मात्र जवळपास सगळ्यांच्या.

अमेरिकेतल्या रोगप्रतिबंधक तज्ज्ञ समितीने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सांगितले आहे की, त्रास नसलेल्या सर्वसामान्य लोकांची कॅरोटिड तपासणी सरसकट करू नये. अशा तपासणीतून चुकीचे अहवाल, अनावश्यक पुढच्या चाचण्या आणि अनावश्यक शस्त्रक्रियांचा धोका फायद्यापेक्षा जास्त ठरतो. फुकटची तपासणी पुढे फुकट राहत नाही. वस्तीतल्या माणसाच्या हातात "नस ६० टक्के बंद" असा कागद पडला की तो घाबरतो, सावकार शोधतो, बायकोचे मंगळसूत्र मोडतो. आम्ही तपासणी केंद्राला नम्रपणे नकार कळवला.

त्याऐवजी शिबिरात काय करायचे ते ठरवले आणि इतर विहारांनाही तेच सुचवतो.

१. रक्तदाबाचे यंत्र विकत घ्या. एका डीजेच्या रात्रीच्या भाड्यात अशी कितीतरी यंत्रे येतात. दर रविवारी वंदनेनंतर तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा दाब मोजा, वहीत लिहा. जास्त निघाला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात पाठवा आणि पुढच्या महिन्यात गोळी चालू आहे का ते विचारा. मोजण्यापेक्षा हे विचारणे महत्त्वाचे.

२. चार खुणा पाठ करा, पोरांकडूनही पाठ करून घ्या. चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात किंवा पाय लुळा, बोलणे अडखळते, एका डोळ्यासमोर अचानक अंधार. यातले काहीही झाले तर १०८ ला फोन आणि सीटी स्कॅन असलेले मोठे रुग्णालय. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. खुणा पाच मिनिटांत गेल्या तरी त्याच दिवशी जायचे.

३. छोट्या झटक्यानंतर डॉक्टरांना विचारा : सीटी किंवा एमआरआय आणि मानेच्या धमनीची तपासणी कधी होणार? कॅरोटिड डॉप्लरची खरी जागा इथे आहे.

४. शस्त्रक्रिया सुचवली तर पाच प्रश्न विचारा. धमनी किती टक्के अरुंद आहे? मला झालेला त्रास याच धमनीमुळे का? नुसत्या औषधांवर माझा धोका किती? तुमच्या हाताखालच्या शंभर रुग्णांत किती जणांना शस्त्रक्रियेत लकवा किंवा मृत्यू येतो? दोन आठवड्यांच्या आत होईल का? चौथा प्रश्न उद्धटपणाचा नाही. इशारा मिळालेल्या रुग्णांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत आणि त्रास नसलेल्यांत तीन टक्क्यांच्या आत असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्याहून जास्त असेल तर शस्त्रक्रियेचा फायदाच संपतो.

५. खर्चासाठी कर्ज काढण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. तुम्हाला सांगितलेला उपचार योजनेत बसतो का आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात होतो, ते लेखी विचारून घ्या.

६. बिडी, सिगारेट, गुटखा, मिश्री आणि खारवलेले पदार्थ यांवर विहारात मोकळेपणाने बोला. पाचवे शील आपण मद्यापुरते सांगतो. तंबाखूवर मात्र गप्प बसतो, कारण तो व्यासपीठावरच्यांच्याही खिशात असतो.

विनयपिटकात एक प्रसंग येतो. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता, सोबतचे भिक्खू त्याच्याकडे बघतही नव्हते. बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः आंघोळ घातली, उचलून मंचावर ठेवले आणि संघाला विचारले की, तुम्ही एकमेकांची काळजी घेणार नसाल तर कोण घेणार?

वाहक काकांच्या घरी आम्ही आता दर आठवड्याला जातो. काकू एकट्याच त्यांना उठवतात, बसवतात, भरवतात. जाताना यंत्र सोबत असते. पहिल्यांदा सहज म्हणून काकूंचा दाब मोजला. वरचा आकडा १७८ निघाला. इतक्या महिन्यांत तो कुणीही मोजला नव्हता, आम्हीसुद्धा नाही.